हनुवटीवरचा तीळ : बंद झालेल्या फाईलमधला एक बदल मागे घेताना

"फोटो छान झालाय रे. पण ही माझी आई नाही."

काकू हे रागाने म्हणाल्या नाहीत. स्क्रीनकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. माझ्याकडे फोटो दुरुस्ती शिकायला येणारा मुलगा शेजारीच उभा होता. तीन तास बसून त्याने तो कृष्णधवल फोटो साफ केला होता. मधोमध गेलेली घडी, बुरशीचे ठिपके, फाटलेला कोपरा, काही काही उरलं नव्हतं. हात खरंच स्वच्छ होता त्याचा. काकूंनी बोट नेलं ते हनुवटीवर, खालच्या ओठापासून जरा डावीकडे.

"इथे तीळ होता तिला."

त्याला तो बुरशीचा ठिपका वाटला होता.

काकूंना विचारून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. फोटोत केलेला बदल मागे घेणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या एका तिळामागे धावताना जितकं नीट कळलं तितकं आधीच्या कुठल्या कामात कळलं नव्हतं.

हाताशी काय होतं

मूळ छापील फोटो आता नाही. फ्रेममध्ये पाणी शिरून तो काचेला चिकटला आणि सोडवताना चेहऱ्याचा थरच निघून आला. त्याच्या आधी केव्हातरी काकूंनी खिडकीच्या उजेडात मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता, 3000 बाय 4000 पिक्सेलची जेपेग फाईल. आईच्या त्या फोटोचं तेवढंच रूप मागे उरलं होतं.

मुलाने काकूंचा फोन केबलने जोडला आणि फाईल कॉपी करण्याऐवजी कट करून संगणकावर घेतली. फोनमध्ये जागा कमी होती, तेवढीच मोकळी होईल म्हणून. फोटोशॉपमध्ये उघडून थेट बॅकग्राउंड लेअरवर, म्हणजे मूळ चित्राच्याच थरावर, हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प ही डाग झाकणारी साधनं चालवली. लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या सीमा सरकवायची सोय, लावून चेहरा उजळवला. कंट्रोल-एस दाबलं, म्हणजे त्याच नावाने, त्याच फाईलवर सेव्ह. मग पाठवायला सोपं पडावं म्हणून फोटो 900 बाय 1200 चा केला, दुसऱ्या नावाने सेव्ह केला आणि फाईल बंद केली.

यातली कुठलीच गोष्ट वेडेपणाची नाही, आपण सगळेच हे करतो. इथे त्या सगळ्या एकाच फोटोवर, एकामागोमाग झाल्या, आणि तो फोटो दुसरीकडे कुठे नव्हता.

"कंट्रोल-झेड दाबत गेलो असतो तर?"

मुलाचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो नीट सोडवायला हवा. फोटोशॉपच्या 1990 च्या पहिल्या आवृत्तीत एकच पाऊल मागे जाता यायचं. केलेल्या पावलांची यादी ठेवणारं हिस्टरी पॅनेल आलं ते 1998 मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर. आज ते, आपण काही बदललं नाही तर, 50 पावलं लक्षात ठेवतं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन हा आकडा 1000 पर्यंत नेता येतो. 50 ऐकायला पुष्कळ वाटतात. पण हीलिंग ब्रश एकदा टेकवून उचलला की ते एक पाऊल झालं. बुरशी खाल्लेल्या फोटोवर पाच मिनिटांत 50 टेके होतात. मुलाने सुरुवात चेहऱ्यापासून केली होती. म्हणजे तीळ गेला तो पहिल्या अर्ध्या तासात, आणि त्यानंतरच्या अडीच तासांच्या टेक्यांनी ते पाऊल यादीतून कधीच ढकलून दिलं होतं. फाईल उघडी असती तरी कंट्रोल-झेड तिथपर्यंत पोचलं नसतं.

आणि पोचलं असतं तरी? तिळापर्यंत मागे जायचं म्हणजे त्यानंतर साफ केलेली घडी, कोपरा, पार्श्वभूमी, सगळं परत खराब होऊन समोर येणार. तिथून पुढे नवा एक टेका दिला की पुढची सगळी पावलं पुसली जातात. अनडूला, म्हणजे या कंट्रोल-झेडला, फक्त क्रम कळतो. फोटोतली जागा त्याला कळत नाही. आम्हाला हवी होती जागा: हनुवटीवरचे वीसेक पिक्सेल जुने आणि बाकी सगळं नवं.

यासाठी फोटोशॉपमध्ये एक साधन आहे, आणि फाईल बंद करेपर्यंत ते मुलाच्या हातात होतं. फाईल उघडताक्षणी हिस्टरी पॅनेलच्या अगदी वर मूळ चित्राचा एक स्नॅपशॉट बनतो. पावलं 50 होवोत की 500, तो तिथून हलत नाही. त्याच्या शेजारच्या चौकोनात क्लिक करून हिस्टरी ब्रश घ्यायचा आणि हनुवटीवर एकदा फिरवायचा; तेवढ्या जागेपुरतं चित्र मूळ होतं, बाकीचं काम जसंच्या तसं राहतं. दहा सेकंदांचं काम. एकच पथ्य असतं: मधे फोटो क्रॉप केला किंवा आकार बदलला तर जुनं आणि नवं चित्र मापात बसत नाही आणि हा ब्रश चालायला नकार देतो. मुलाने फोटो 900 बाय 1200 चा केला होता. म्हणजे बंद करण्यापूर्वी आठवलं असतं तरी आधी ते एक पाऊल मागे घ्यावं लागलं असतं.

फाईल बंद झाली की स्नॅपशॉट जातो, हिस्टरीही जाते. ऑटो-रिकव्हरीची आशा इथे धरू नये. फोटोशॉप दर 10 मिनिटांनी उघड्या कामाची नोंद करून ठेवतं खरं, पण ती प्रोग्रॅम अचानक बंद पडला तर कामाला यावी म्हणून. आपण शहाण्यासारखं सेव्ह करून बंद केलं की ती नोंद उरत नाही.

आता त्यातली माझी चूक. मी मुलाला शिकवताना सांगितलं होतं, "डाग काढलास की कंट्रोल-झेड दोनदा दाब, आधीचं-नंतरचं डोळ्यासमोर येईल." मी जुन्या आवृत्तीवर वाढलेला. तिथे कंट्रोल-झेड एकाच पावलावर पुढे-मागे व्हायचं: एकदा दाबलं की डाग दिसला, परत दाबलं की गेला. 2018 च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ते बदललं. आता दोनदा दाबलं की दोन पावलं मागे. मुलाने माझं ऐकून तसं केलं, दोन डाग परत आले, ते लक्षात न येता त्याने पुढचा टेका दिला आणि ते दोन्ही डाग नव्याने काढावे लागले. "दोन-तीनदा तसं झालं दादा, म्हणून मी आधीचं बघणंच सोडलं," तो म्हणाला. आधीचं बघितलं असतं तर तीळ किती गोल आणि किती गडद आहे हे त्याला दिसलं असतं. बुरशीचे ठिपके कडांना विस्कटलेले असतात. आधी-नंतर बघण्याची जुनी सोय आजही आहे, एडिट मेनूत 'टॉगल लास्ट स्टेट' म्हणून, कंट्रोल-ऑल्ट-झेडवर. मला ते ठाऊक होतं. सांगायचं राहिलं.

पांढरं झालेलं कपाळ

तिळाबरोबर काकू आणखी एक म्हणाल्या होत्या: "कपाळ फार पांढरं झालंय." मुलाला हे सोपं वाटलं. लेव्हल्समध्ये त्याने पांढऱ्याचा सरकपट्टा 255 वरून 210 वर आणला होता, तेव्हा आता उलटं करायचं, आउटपुट, म्हणजे निघणाऱ्या चित्रातलं सगळ्यात उजळ पांढरं, 210 वर आणायचं. केलं. चेहरा काळवंडला, पण कपाळ चुना लावल्यासारखं सपाट ते सपाटच.

मी त्याला कागदावर तीन पिक्सेल मांडून दाखवले (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पांढरं). कपाळाच्या कडेचा 218, मधला 232, जिथे उजेड पडतो तिथला 247. पांढरं 210 वर आणलं की 210 आणि त्यावरचं सगळं 255 होतं. तिघेही 255. आता उलटं केलं की तिघेही 210. कपाळाची गोलाई ज्या फरकात होती तो फरकच मेला. 210 च्या खालच्या छटा मात्र जवळपास जागेवर परत आल्या, म्हणून डोळे आणि केस ठीक दिसत होते आणि सगळा दोष कपाळावर जमा झाल्यासारखा वाटत होता.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो. अनडू करताना प्रोग्रॅम कुठलंही उलटं गणित करत नाही. तो जपून ठेवलेले जुने पिक्सेल परत आणून ठेवतो, किंवा मूळ चित्र घेऊन तो एक बदल सोडून बाकीचे पुन्हा लावतो. दोन्हींत जुनं कुठेतरी शाबूत असावं लागतं. ते नसेल तर ब्राइटनेस तेवढाच कमी करून, ब्लरवर शार्पन मारून किंवा 1200 चा फोटो परत 4000 चा करून काही मिळत नाही. 3000 बाय 4000 म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल. 900 बाय 1200 मध्ये 10 लाख 80 हजार उरतात. बाकीचे मोठं करताना अंदाजाने भरलेले असतात.

मुलगा तेव्हा म्हणाला, "मी ब्रशने तीळ रंगवून देऊ का? हुबेहूब रंगवतो." त्याने रंगवलाही असता. मी नाही म्हटलं. काकूंना आईची आठवण देणारा तीळ मी आमच्या अंदाजाने, आमच्या हाताने तिच्या चेहऱ्यावर ठेवणार नव्हतो.

जुने पिक्सेल कुठे सापडले

रिसायकल बिनमध्ये काही नव्हतं, असणारही नव्हतं. त्याच नावाने सेव्ह केलेली जुनी फाईल बिनमध्ये जात नाही. संगणकाचा बॅकअप त्या फोल्डरला लावलेला नव्हता. फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं साधन रात्रभर चालवलं. त्याने भलत्याच जुन्या शेकडो चित्रांचा ढीग दिला, हे एक सोडून. संगणकात एसएसडी ही चिपवरची डिस्क असली की बहुतेकदा असंच होतं: मोकळी झालेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिस्क स्वतःच साफ करते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर मात्र या साधनाने मला पूर्वी हात दिलाय, कार्ड वापरणं तत्काळ थांबवलं असेल तर.

मग काकूंना विचारलं, हा फोटो कधी कुणाला पाठवला होतात का? "भावाला पाठवला होता की, काढला त्याच दिवशी." भावाच्या फोनवरच्या जुन्या संभाषणात तो निघाला. मेसेजिंग ॲपने दाबून लहान केलेला, 1200 बाय 1600, पण हात न लागलेला. बुरशी, घडी आणि तीळ सगळ्यासकट.

मोठा करून पाहिला तेव्हा तो तीळ 8 पिक्सेल रुंद होता. जेपेग चित्राला 8 बाय 8 च्या चौकोनांत तोडून दाबतं, तेव्हा तीळ जेमतेम एका चौकोनाएवढा. कडा किंचित चौकोनी झालेल्या, भोवती फिकट धूळ. तरीही तो होता, नेमक्या जागी होता आणि मधे गडद होता. काकू बराच वेळ स्क्रीनवरच्या त्या आठ पिक्सेलांकडे बघत राहिल्या.

काय काय गेलं होतं त्याचा नकाशा

आता दोन चित्रं होती. एक मोठं, साफ, तीळ नसलेलं. एक लहान, डागाळलेलं, खरं. लहान चित्र 250 टक्के मोठं केलं की माप जुळतं. दोन्ही एकाच फोटोतून आलेली, त्यामुळे वळवायची गरज पडली नाही.

तीळ उचलून चिकटवायची मुलाला घाई होती. त्याआधी मी लहान चित्रावर त्याचीच लेव्हल्स तुलनेपुरती लावली, म्हणजे उजेडाचा फरक निघून जावा, मग त्याचं साफ केलेलं चित्र वर ठेवून त्या लेअरचा ब्लेंड मोड 'डिफरन्स' केला. हा मोड दोन लेअरमधली वजाबाकी दाखवतो. जिथे दोन्ही सारखे तिथे शून्य, म्हणजे काळं. जिथे फरक तिथे उजेड.

स्क्रीन काळी झाली आणि त्यात मुलाच्या तीन तासांचा प्रत्येक टेका चमकायला लागला. मधून घडीची पांढरी रेघ, कोपऱ्यात मोठा झगझगीत तुकडा, पार्श्वभूमीवर बुरशीचे ठिपके तारे पडल्यासारखे. दाबलेल्या जेपेगची बारीक भुरभुर सगळीकडे होती, ती थोडी गडद करून दडपली. हनुवटीवर तीळ अगदी ठसठशीत उमटला. आणि चेहऱ्यावर त्याच्याखेरीज आणखी 13 ठिपके होते.

ते 13 पैकी कुठले डाग होते आणि कुठल्या खुणा, हे आम्हाला दोघांनाही सांगता आलं नसतं. म्हणून काकूंना शेजारी बसवलं, लहान चित्र मोठं केलं आणि एकेक जागा विचारत गेलो. डाग. डाग. डाग. उजव्या भुवईत एक बारीक खाच भरली गेली होती, तिथे त्या थांबल्या. "लहानपणी पडली होती ती. तिथे केस कधी आलेच नाहीत." डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली एक आडवी रेघ घडीचा फाटा समजून काढली होती, ती हसताना पडणारी सुरकुती निघाली. बाकीचे 11 डागच, असं त्या म्हणाल्या. म्हणजे काकूंनी तीळ ओळखला नसता, तर या दोन खुणा गेल्याचं कुणाला कळलंही नसतं. फोटो "छान" झाला म्हणून तसाच भिंतीवर लागला असता.

परत बसवताना

मोठ्या चित्रावर लहान चित्राचा लेअर ठेवला, त्याला काळा मास्क लावला, म्हणजे तो पूर्ण झाकला गेला. मग मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त तीन जागा उघडल्या. तिळाची कड मास्कनेच गोल करून घेतली. 250 टक्के मोठा केल्यामुळे तो भोवतालच्या त्वचेपेक्षा गुळगुळीत दिसत होता, म्हणून जुन्या फोटोच्या कणांशी जुळेल इतकी थोडी नॉइज, म्हणजे बारीक कणकण, टाकली. भुवईची खाच चांगली बसली. सुरकुती थोडी पुसट राहिली. लहान चित्रात ती जेवढी होती तेवढीच परत येऊ शकली.

कपाळाने मला आनंद दिला. दाबलेल्या लहान चित्रात पापण्यांसारखे बारीक तपशील विरतात, पण कपाळाची गोलाई म्हणजे अगदी सावकाश बदलणारी छटा, ती टिकते. मोठं करताना 8 चे चौकोन 20 पिक्सेलचे होऊन दिसायला लागले, ते गॉशियन ब्लरने, म्हणजे चित्र धूसर करून, विरघळवले. मग मास्कमधून कपाळापुरतं उघडलं. 218, 232, 247 यांच्यातला फरक परत दिसायला लागला. त्या भागातले बुरशीचे डागही अर्थात परत आले, ते नव्याने काढावे लागले.

या वेळी मुलाने ते रिकाम्या लेअरवर काढले. हीलिंग ब्रशला 'करंट अँड बिलो' सांगितलं की तो खालच्या चित्रातून बघतो आणि रंग वरच्या रिकाम्या लेअरवर ठेवतो. खालचा एकही पिक्सेल हलत नाही. चेहऱ्याचा लेअर वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा, उजळवायचं ते ॲडजस्टमेंट लेअरने, म्हणजे खालचे पिक्सेल न बदलता फक्त बदलाची सूचना ठेवणाऱ्या लेअरने, फाईल लेअर जपणारी पीएसडी. या सोयी नव्या नाहीत. लेअर 1994 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आले, ॲडजस्टमेंट लेअर 1996 मध्ये चौथ्या. अशा फाईलमध्ये एक टेका मागे घ्यायचा तर वर्षाने उघडून तेवढी जागा खोडरबराने पुसली की झालं, आधी-नंतरचा क्रम आड येत नाही.

इतर प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. गिम्पची अनडू यादीही फाईल बंद केली की जाते, त्याच्या एक्ससीएफ फाईलमध्ये लेअर टिकतात, पावलं टिकत नाहीत. 2007 पासूनच्या लाइटरूमची रीत वेगळी: ते मूळ फोटोला हातच लावत नाही, बदल सूचना म्हणून कॅटलॉग नावाच्या आपल्या नोंदवहीत लिहितं, त्यामुळे तिथे झाकलेला तीळ कितीही दिवसांनी ती एक सूचना काढून टाकून परत आणता येतो. मात्र तिथेही हिस्टरीत मागे जाऊन नवा बदल केला की पुढच्या पावलांची यादी जाते. फोनच्या गॅलरीत 'सेव्ह' आणि 'सेव्ह कॉपी' असं दोन्ही दिसत असेल तर मी कॉपीच निवडतो. काही ॲप सेव्हनंतरही मूळ जपतात, काही जपत नाहीत, आणि घाईत ते तपासायला कुणी थांबत नाही.

मुलाने आता कामाच्या फोल्डरमध्ये 'मूळ' नावाचं एक फोल्डर ठेवलंय, त्यातल्या फाइली रीड-ओन्ली करतो आणि काम नेहमी प्रतीवर करतो. चेहऱ्यावरचं जे काही डाग आहे की खूण ते कळत नाही, ते तो 'विचारायचं' नावाच्या वेगळ्या लेअरवर काढतो.

काकूंच्या फोटोतही तो लेअर होता. त्यावर एकच टेका होता, गालावरच्या एका फिकट ठिपक्याचा. तो ठिपका काकूंनीच त्या दिवशी डाग म्हणून सांगितलेला, पण सांगताना जरा घुटमळल्या होत्या, म्हणून मुलाने ती जागाही मास्कमधून उघडून तिथला टेका इतरांपासून वेगळा ठेवला. फोटो देऊन दोन दिवस झाले आणि काकूंचा फोन आला. "अरे, भावाला विचारलं मी. तो म्हणतो तिथे देवीचा व्रण होता तिला, अगदी पुसट. राहू दे तो." मुलाने फाईल उघडली, 'विचारायचं' लेअरसमोरचा डोळा बंद केला आणि फोटो पुन्हा पाठवला.